वर्दी माहेरची, बिऱ्हाड सासरचं

मैत्रिणींनो, पोलीस शिपायाची भरती जिल्हावार असते, हे लग्न जुळवताना कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्या मंडळात येणारी एक पोलीस भगिनी नांदेडला नोकरीत, सासर साताऱ्याचं. बदली मागितली, तर दोन्ही जिल्ह्यांच्या साहेबांची संमती हवी, तिकडे जागा रिकामी हवी. शिवाय विनंतीवरून जिल्हा बदलला की ज्येष्ठता गेली! अकरा वर्षं नोकरी होऊनही नव्या यादीत नाव तळाला, हवालदारकी लांबणीवर. फौजदारांची यादी राज्यभराची एकच, त्यांना ही झळ नाही. नवऱ्यानं दुकान नांदेडला हलवावं, असं सासरी कुणी सुचवलंच नाही बरं का! “ताई, लेकरू फोनवर माझा आवाज ऐकून झोपतंय,” ती म्हणाली. ज्येष्ठता सोडल्याच्या हमीपत्रावर तिनं परवा सही केली.