दुचाकीवरून रांजणखळग्यांकडे
मित्रांसह दुचाकीवरून एका दिवसात पाहून परतण्याजोगे पुण्याजवळचे आगळे ठिकाण म्हणजे निघोजचे रांजणखळगे. पुणे-नगर रस्त्याने शिरूर गाठून टाकळी हाजीकडे वळावे. सकाळी लवकर निघाल्यास शिक्रापूरहून आत मोराची चिंचोलीही पाहता येते. उन्हे चढल्यावर मोर कसले दिसणार!

कुकडीच्या पात्रातील काळ्या बेसॉल्टमध्ये हे खळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरून खडक घासतात. शतकानुशतकांच्या या घर्षणातून रांजणासारखी खोल विवरे कोरली जातात. त्यांच्या कडा गुळगुळीत असल्याने आत पडलेल्याला पकडायला आधार सापडत नाही. म्हणून पाणी ओसरल्यावरच जावे आणि छायाचित्रासाठी काठावर उभे राहू नये.