शाम्पूविना केस : पहिल्या महिन्याची कसोटी

उपासकदशांग सूत्राचा पहिला अध्याय आनंद श्रावकाचा आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ मोठा धनाढ्य. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, शिवाय दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे, असा त्याचा ताळेबंद सूत्रात दिला आहे. भगवान महावीरांजवळ बारा व्रते स्वीकारताना त्याने उपभोगाच्या वस्तूंची जी मर्यादा बांधून घेतली, तिची यादी एखाद्या पेढीच्या खतावणीइतकी नेमकी आहे. दातणासाठी ओले ज्येष्ठमध, अभ्यंगासाठी शतपाक व सहस्रपाक तेल, स्नानासाठी आठ घडे पाणी आणि फळांत केवळ क्षीरामलक, म्हणजे गोड आवळा. हे फळ खाण्याचे नव्हे, तर डोके धुण्याचे, असा अर्थ परंपरेने घेतला आहे. बारा कोटींच्या धन्याला केसांसाठी आवळा पुरला.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाण व्रताचे विवेचन करताना स्नान, अंगराग इत्यादींचा उल्लेख केला आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम आणि ठरावीक मुदतीसाठी घेतला तो नियम, हा भेदही त्यांनी तेथेच सांगितला आहे. शाम्पू सोडू पाहणाऱ्या कुटुंबाला हा भेद फार उपयोगाचा आहे. ‘आजपासून शाम्पू कायमचा बंद’ अशी घोषणा बहुधा तिसऱ्या आठवड्यात मोडते. तीन महिन्यांचा नियम मात्र निभावतो, आणि तेवढ्या मुदतीत केसांचा खरा हिशेबही समोर येतो.

नागपुरात इतवारी, लकडगंज किंवा वर्धमाननगर येथील कोणत्याही घरातील न्हाणीघराचे फडताळ उघडून पाहावे. आजोबांची बाटली निराळी, सुनेची निराळी, नातीची निराळी, आणि कोंड्याची चौथी. याच घरांतील मागची पिढी इतवारीच्या किराणा ओळीतून आणलेल्या शिकेकाईने न्हात असे. काहींच्या तर दुकानातच ती पोत्याने असे. सत्तर-ऐंशी वर्षांत एवढा पालट कसा झाला, हे व्यापारी घराण्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

गंमत अशी की शाम्पू हा शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे अंग दाबणे, रगडणे, यापासून तो इंग्रजीत गेला. आपली ‘चंपी’ त्याच कुळातली. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचे व मर्दनाचे गृह चालवले. त्यांना राजे चौथे जॉर्ज व चौथे विल्यम यांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ अशी पदवी होती. त्या काळी या शब्दाचा अर्थ मालीश एवढाच होता. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. बर्लिनचे हान्स श्वार्झकॉफ यांनी १९०३ साली शाम्पूची पूड आणि १९२७ साली द्रवरूप शाम्पू बाजारात आणला. अमेरिकेत १९३०च्या दशकात साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालक वापरलेला शाम्पू निघाला आणि आजच्या शाम्पूचा पाया घातला गेला.

भारतात मात्र तो दीर्घकाळ श्रीमंतांच्या घरापुरता राहिला. त्याला रस्त्यावर आणले ते तामिळनाडूतील कडलूरच्या एका कुटुंबाने. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू लहान पुडीत विकण्याची कल्पना काढली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर वेगळा धंदा मांडला आणि वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘चिक’ हे नाव घेतले. रिकाम्या पुड्या परत आणा व एक भरलेली पुडी फुकट न्या, ही त्यांची युक्ती व्यापारशास्त्राच्या वर्गात आजही सांगितली जाते. आठवड्याला दोन पुड्या हा हिशेब मजुराच्याही खिशाला परवडला. शिकेकाई कुटणे, उकळणे, गाळणे हे सारे काम त्या पुडीने एका क्षणात निकालात काढले. तेव्हा शिकेकाई गुणात हरली असे नव्हे. ती वेळेत हरली.

आता ती परत आणायची तर कशासाठी? या बाबतीत अतिशयोक्ती पुष्कळ चालते. शाम्पूने टक्कल पडते, असे ठामपणे सांगणारे भेटतात. त्याला आधार नाही. टक्कल बहुतांशी आनुवंशिकतेने व संप्रेरकांमुळे पडते. न्हाताना हातात येणारे केस बहुधा आधीच सुटलेले असतात. शाम्पूमुळे नाग नदी नासली, असेही म्हटले जाते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते हे खरे. पण त्या मैल्यात शाम्पूचा वाटा लहानच. पुड्यांचे मात्र तसे नाही. अनेक थरांच्या त्या चकचकीत प्लास्टिकचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही आणि नाल्याच्या काठी त्या वर्षानुवर्षे पडून राहतात.

खरी कारणे साधी आहेत. वारंवार व भरपूर शाम्पू वापरल्याने कोरडी त्वचा अधिक कोरडी होते आणि लांब केसांची टोके रुक्ष होतात. दुसरे कारण आपल्या घरांना विशेष लागू आहे. ‘केराटिन’ म्हणून जे मिरवले जाते ते प्रथिन बहुतेक लोकर, पिसे, शिंगे वा खूर यांपासून काढलेले असते. ‘कोलॅजन’ प्राण्यांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतून, तर ‘सिल्क प्रोटीन’ रेशमाच्या कोशातून येते. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ साली बंदी झाली आणि अशा चाचणी केलेल्या मालाची आयातही त्याच वर्षी थांबवली गेली, ही समाधानाची गोष्ट. परंतु चाचणी नसणे आणि प्राणिज घटक नसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जेवणाच्या ताटाबाबत इतके चोखंदळ असणारे घर बाटलीच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचत नाही, हे काहीसे आश्चर्याचेच.

पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या वस्तूंत रिठा व शिकेकाई याच मुख्य. दोहोंत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलाला. शाम्पूतील प्रक्षालकही याच रीतीने काम करतो, पण अधिक आक्रमकपणे. रिठ्याची ओळख सराफा ओळीला वेगळी सांगायला नको. दागिने आणि रेशमी वस्त्रे त्याच पाण्याने धुण्याची रीत जुनी आहे. सोन्याची झळाळी व पैठणीचा जर ज्याने बिघडत नाही, ते पाणी केसांना सोसते. शिकेकाई रिठ्याहून सौम्य आणि किंचित आम्ल. टाळूची त्वचा स्वभावतः आम्लधर्मी असते, म्हणून ती तिला मानवते. नावातील ‘काई’ म्हणजे तमिळमधले कच्चे फळ किंवा शेंग, आणि आधीचा भाग केसांच्या शेंडीचा. आनंद श्रावकाचा आवळा तिसरा. त्याच्या अंगी फेस नाही. त्याचा तुरटपणा इतर दोघांच्या सोबतीला.

एका वेळच्या न्हाण्यासाठी आठ-दहा रिठ्यांची बिया काढलेली टरफले, मूठभर शिकेकाईचे तुकडे आणि चमचाभर आवळकाठी लिटरभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे मंद उकळावी. भांडे लोखंडी नसावे, नाहीतर आवळ्याने पाणी काळे पडते. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळावे. पाणी गाळण्याची सवय आपल्या घरांना शिकवावी लागत नाही. येथे ती धर्माइतकीच व्यवहाराच्या उपयोगाची आहे, कारण न गाळलेली पूड केसांत अडकून दिवसभर खांद्यावर झडते आणि लोक तिलाच कोंडा समजतात. रात्रभर भिजत घालण्याची रीत काही घरांत आहे, पण तिची गरज नाही. ताजे उकळलेले पाणी अधिक निर्दोष. हा काढा उरवून ठेवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात तो दुसऱ्याच दिवशी आंबतो.

पहिला महिना अवघड जातो. त्याची कारणे ठाऊक असली तर धीर सुटत नाही.

पहिले कारण फेस. शाम्पूने डोक्यावर ढग उभे राहतात, काढ्याने साय आल्यासारखे होते. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत जाहिरातींनी रुजवलेली आहे. दुसरे कारण केसांचा खरखरीतपणा. शाम्पू व कंडिशनरमधील सिलिकोन केसांवर गुळगुळीत लेप चढवतात. तो उतरू लागला की केसांचा मूळ पोत हाताला लागतो आणि केस बिघडले असे वाटते. बिघडलेले काही नसते, उघडे पडलेले असते. तिसरे कारण तेल. आदल्या रात्री वाटीभर तेल थापून सकाळी काढ्याने ते निघेल ही अपेक्षा चूक आहे. चमचाभर तेल पुरे. ते टाळूला जिरवावे आणि न्हाण्यापूर्वी केस विंचरून घ्यावे. तेल अधिक झालेच तर आधी डाळीचे पीठ लावून मग काढा घालावा.

येथे एक लोकप्रिय समजूत बाजूला सारली पाहिजे. शाम्पू सोडला की काही आठवड्यांनी टाळूला तेल कमी सुटू लागते, असे सांगितले जाते. तैलग्रंथींचे काम संप्रेरकांच्या हुकुमाने चालते. आपण डोके कशाने धुतो याची त्यांना फारशी दखल नसते. महिन्याभरात बदलतो तो हात. काढा किती, कोठे व किती वेळ चोळायचा हे कळू लागते. काढा टाळूवरच ओतून बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटे चोळावा. लांबीवरून तो आपोआप उतरतो. नंतर भरपूर पाणी.

पाण्याचा प्रश्न नागपूरकरांना विशेष आहे. पेंच आणि कन्हानचे शुद्ध केलेले नळाचे पाणी एक, आणि विहिरी व बोअरचे दुसरे. भूगर्भातील पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते, म्हणजे त्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यात साबण घातला की पांढरट साका धरतो आणि केस मेणासारखे चिकट होतात. शाम्पू सोडला आणि शिकेकाईचे चित्र असलेली वडी आणली, असे पुष्कळ घरांत घडते. वडीवर चित्र काहीही असो, ती बहुधा साबणच असते, आणि साबण अल्कधर्मी. चिकटपणाला कंटाळून मंडळी परत बाटलीकडे वळतात व दोष मात्र शिकेकाईच्या नावे लागतो. रिठ्याच्या पाण्याला असा साका धरत नाही. तरीही बोअरचे पाणी असल्यास शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्यावा, किंवा लिटरभर पाण्यात अर्धे लिंबू पिळून ते केसांवरून सोडावे. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्ला हल्ली फिरतो. तो मुळीच ऐकू नये; सोडा अल्कधर्मी असून केसांचे खवले उघडे पाडतो.

काही घरांचे प्रश्न आणखी सूक्ष्म असतात. कोरफड अनंतकायात मोजली जाते आणि नागरमोथा हा कंद. ज्यांना या वस्तू नकोत त्यांनी त्या वगळल्या तरी काढ्याचे काही अडत नाही. सुगंधासाठी नागपूरकराजवळ संत्र्याची वाळवलेली साल आहेच.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास भयंकर झोंबते, म्हणून लहान मुलांना न्हाऊ घालताना ते विरळ करावे व मान मागे कलती ठेवावी. पोटात गेल्यासही ते बाधते. उरलेला काढा उघडा ठेवू नये. टाळूला खाज, लाली, जाड पापुद्रे किंवा नाण्याएवढी केसविरहित जागा दिसली, तर ते घरगुती प्रयोगाचे क्षेत्र नव्हे. तेथे त्वचारोगतज्ज्ञाने दिलेला औषधी शाम्पू वापरावा. नियमात औषधाची सवलत प्रथमच लिहून ठेवलेली बरी.

पैशाची बचत किरकोळच आहे, कारण शिकेकाईही आता स्वस्त राहिलेली नाही. खर्च होतो तो वेळेचा, आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास. हा वेळ घरातील एकाच स्त्रीच्या माथी मारला गेला तर नियम तीन महिनेही टिकणार नाही. सर्वांचा काढा एकदम उकळावा आणि गाळण्याचे काम पुरुषांनी घ्यावे.

खरेदी करताना तयार पूड टाळून अख्ख्या शेंगा व अख्खे रिठे मागावे; पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. शेंग वाळलेली, तांबूस तपकिरी व छिद्रे नसलेली हवी. पावसाळ्यात तिला कीड लवकर लागते, म्हणून चातुर्मासासाठीचा साठा मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा, तोही दोन महिन्यांपुरताच. पिठाच्या गिरणीत शिकेकाई सहसा दळून देत नाहीत, कारण नंतरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पिठाबरोबर शिंकाही मिळतात. खलबत्त्यात जाडसर कुटली तरी काढ्यासाठी ती पुरेशी होते.