कर्जापायी कोठडीत गेलेले न्यायमूर्ती

जेम्स विल्सन (१७४२–१७९८) मूळचे स्कॉटलंडचे. फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली ते वकिली शिकले. अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना, दोन्हींवर सही करणाऱ्या सहा जणांपैकी ते एक. घटना घडवताना राष्ट्राध्यक्ष एकच असावा, हा आग्रह त्यांचा. गुलामांना लोकसंख्येत तीन-पंचमांश धरण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला, हे विसरून चालणार नाही. १७८९मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. पण जमिनीच्या सट्ट्याने घात केला. न्यायमूर्तिपदावर असतानाच कर्जापायी दोनदा तुरुंगवास घडला. घटनेचा एवढा जाणकार, पण स्वतःच्या हिशेबात अगदीच कच्चा! घेणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवत ते नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टनला गेले आणि तिथेच वारले. १९०६मध्ये त्यांचे अवशेष फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये आणण्यात आले.