फोन चालकाच्या हातात, तक्रार कोणाची?

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेली एक ई-शिवनेरी लोणावळ्याच्या आसपास होती आणि चालक बस चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून थेट मुख्यमंत्री आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. हा चालक एसटीचा कायम कर्मचारी नव्हता, बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीचा होता. त्याला कामावरून काढलं गेलं आणि कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला.

ही बातमी आमच्या घरात चांगलीच गाजली, कारण माझे वडील, अण्णा, एसटीत चालक होते. आयुष्यभर घाटातल्या गाड्या चालवल्या आणि एकही अपघात न करता निवृत्त झाले. अण्णा म्हणाले, "त्याला काढला ते योग्यच केलं. पण कंपनीला पाच हजार? ते तर एका फेरीच्या तिकिटांत वसूल होतील." आईचं म्हणणं वेगळं होतं. त्या प्रवाशाने आधी त्याला दोन शब्द सांगून बघायचे होते. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?

आईचं हे वाक्य मी हलकं मानत नाही. चालकाच्या घरात वाढलेल्या माणसाला तक्रार म्हणजे काय ते नीट माहीत असतं. आरोपपत्र येतं, चौकशी लागते, निलंबन झालं तर अर्ध्या पगारावर घर चालवावं लागतं. हे झालं कायम कर्मचाऱ्याचं. त्याला निदान बाजू मांडता येते, मागे युनियन असते. कंत्राटावरच्या किंवा खासगी ट्रॅव्हल्सच्या चालकाला यातलं काहीच नसतं. "उद्यापासून येऊ नको" एवढा निरोप पुरतो. तरीही माझं मत पक्कं आहे: चालक गाडी चालवताना फोन वापरत असेल आणि सांगून ऐकत नसेल, तर तक्रार करायचीच. फक्त ती कोणाविरुद्ध आणि कुठे करायची, याचा आपण फार कमी विचार करतो.

आधी धोका किती खरा आहे ते बघू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले असं धरा. तेवढ्यात ती शंभर मीटरच्या वर अंतर कापते आणि त्या सगळ्या अंतरात रस्त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेल्या अपघातांत ३,३९५ माणसं गेली. अपघातानंतर चालक फोनवर होता हे सिद्ध करणं किती अवघड असतं, ते लक्षात घेतलं तर हा आकडा कमीच धरावा लागेल.

"मी कुठे हातात धरलाय, कानात ब्लूटूथ आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कॅनडातले संशोधक रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये टोरंटोतल्या अपघातग्रस्त चालकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं त्यांना दिसलं. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोकाही कमी आढळला नाही. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत याचं कारण उलगडलं. बोलणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, पण समोर दिसलेलं मनात उतरत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. पुढे गर्दी दिसली की तो आपसूक गप्प होतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला समोर ट्रक आडवा आलाय हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तो बोलतच राहतो.

आता मला स्वतःला आलेला अनुभव सांगते. साताऱ्याहून पुण्याला रात्रीच्या खासगी बसने निघाले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असंच चित्र बऱ्याच गाड्यांत असतं. माझी सीट पुढची, केबिनची काच समोरच. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला स्टँडवर फोन लावलेला होता आणि त्यावर रील्स चालू होत्या. एक संपली की चालकाचा अंगठा वर सरकायचा. वाई फाटा मागे पडला तरी तेच. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुण्याच्या बाजूला तीव्र उतार आणि इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आहे. या पट्ट्यातून नेहमी जाणाऱ्यांना तिथल्या अपघातांबद्दल वेगळं सांगायला नको. बोगदा यायच्या आत मी केबिनचं दार सरकवलं.

"दादा, फोन बंद ठेवता का? पुढे उतार आहे."

"रोजचा रस्ता आहे मॅडम. डोळे मिटून नेईन."

"माझे वडील एसटीला होते. ते असं कधी म्हणाले नाहीत."

का कोण जाणे, पण हे त्यांना लागलं. त्यांनी रील्स बंद केल्या आणि मला शेजारच्या बाकावर बसायची खूण केली. मीही बसले. तिथून पुढे जे पाहिलं, त्याने माझा या प्रश्नाकडे बघण्याचा रोख बदलला. फोन वाजायचा थांबतच नव्हता. आधी ऑफिसचा: गाडी कुठवर आली, कात्रजला दोन सीट आहेत. मग प्रवाशांचे: "गाडी कुठे आलीय? किती वेळ लागेल? मी पुलाखाली थांबू का पंपापाशी?" तिकिटाबरोबर प्रवाशाला जो मेसेज येतो, त्यात गाडीच्या क्रमांकाखाली संपर्क म्हणून थेट चालकाचा नंबर दिलेला होता. क्लीनर मागे झोपला होता. प्रत्येक फोन त्या एकाच माणसाने घ्यायचा, अंधारात, उतारावर. नाही घेतला तर प्रवासी ऑफिसकडे तक्रार करणार, प्रवासी सुटला तर पैसे त्यांच्या पगारातून कापले जाणार.

रील्स हा त्यांचा स्वतःचा दोष, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण फोन घेणं ही त्यांची नोकरीच करून टाकलेली होती. मालकाने हे असं लावून दिलं होतं, आणि आपण प्रवासी थांब्यावर उभं राहून चालत्या गाडीच्या चालकाला फोन लावत होतो. "वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये" ही पाटी वाचत आपण सगळे मोठे झालो. गाडीत बसल्यावर ती पाळतो, गाडीची वाट बघताना मात्र विसरतो.

म्हणून मी कंपनीकडे केलेल्या तक्रारीत दोन गोष्टी होत्या. पहिली चालकाबद्दल: गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, काय पाहिलं, सांगितल्यावर काय झालं. त्यांनी रील्स बंद केल्या हेही लिहिलं, कारण ते खरं होतं. दुसरी कंपनीबद्दल: थांब्यांचे आणि प्रवाशांचे फोन चालकाने घ्यायचे नाहीत, मेसेजमध्ये क्लीनरचा किंवा ऑफिसचा नंबर द्यावा.

व्हिडिओ काढावा का? पुरावा लागतो, तेव्हा काढावा. पण तो पाठवायचा कुठे, याचं भान हवं. एसटी असेल तर आगार व्यवस्थापक किंवा विभाग नियंत्रक, खासगी गाडी असेल तर कंपनी आणि आरटीओ, रस्त्यावरचं वाहन असेल तर वाहतूक पोलीस. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर नागरिकाला नियमभंग कळवता येतो. चालकाचा चेहरा हजारो फोनांवर फिरवून अपघात टळत नाही. त्याची मुलं शाळेत जातात, त्यांनाही तो व्हिडिओ कोणीतरी दाखवतं. ई-शिवनेरीतल्या प्रवाशाने तो जबाबदार माणसांपर्यंत नेला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातला फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळेला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायची मुभा आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. रील्स आणि मॅच त्यात बसत नाहीत.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर शेजारच्या गाडीतल्या फोनवाल्याचा फोटो काढू नका. तोही तोच गुन्हा आहे. मागे कोणी बसलं असेल तर त्याला नंबर लिहून घ्यायला सांगा. आणि रात्री रिक्षात किंवा कॅबमध्ये एकट्या असाल, चालकाचा रागरंग ठीक वाटत नसेल, तर तिथे वाद घालायची गरज नाही. उतरा, मग कळवा. धोका जास्तच वाटला तर ११२ आहेच.

माझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर लगेच आलं: "सदर चालकास कामावरून कमी करण्यात आले आहे." मेसेजमधल्या नंबरबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. अण्णांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे त्याच्या जागी आलेल्याचा फोनही तसाच वाजणार." मी कंपनीला पुन्हा लिहिलं: त्या चालकाला समज देऊन परत घ्या, पण आधी चालकाचा नंबर मेसेजमधून काढा. या पत्राची एक प्रत आरटीओलाही दिली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून यायचं आहे.