राधानगरीचं पाणी जातं कुठं?

अरबी समुद्र आपल्याला जवळ, पण आपलं पाणी तिकडं जात नाही. समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस टाकतात. शिरोळपर्यंत पोचताना ढगात उरतं थोडंच. तिथं पाऊस पाचशेच्या आसपास. जमिनीचा उतार मात्र पूर्वेला. म्हणून भोगावतीचं पाणी पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत जातं आणि पुढं बंगालच्या उपसागराला मिळतं. शिरोळला ऊन असताना पूर चढतो, तो असा. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोण विसरेल?

राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारं तलाव भरला की आपोआप उघडतात, हुकमाची वाट बघत नाहीत. तेव्हा धरण भरत आल्याचं रेडिओवर ऐकलं की नदीकाठची मोटार काढा, जनावरं उंचावर न्या. दार उघडल्याच्या बातमीसाठी थांबू नका.

वरच्या गावांचं नुकसान निराळं. तोच पाऊस तांबड्या जमिनीतला चुना आणि खत धुऊन नेतो. भाताला युरिया एकदम टाकू नका. उघडीप बघून दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि त्याआधी बांधाची फुटकी तोंडं बुजवा.