जुन्या ऑसिलोस्कोपची दुरुस्ती आणि सुट्या भागांचा शोध

विद्युत संकेताचा आकार पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवणारा ऑसिलोस्कोप हे इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेतील मूलभूत उपकरण होय. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी सहकाऱ्यांसह १९४६ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे स्थापन केलेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने आपला पहिला ऑसिलोस्कोप १९४७ मध्ये विक्रीस आणला. या कंपनीचे अनेक जुने ऑसिलोस्कोप आजही दुरुस्त करून वापरले जातात. मात्र काही भागांचे उत्पादन कायमचे थांबल्याने दुरुस्तीचे यश त्या भागांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते.

दुरुस्तीचा आरंभ वीजपुरवठा विभागापासून करण्यात येतो. निरनिराळे विद्युतदाब योग्य नसतील, तर पुढील कोणतीही तपासणी विश्वसनीय ठरत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने कोरडे पडतात, तर टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन संपूर्ण पुरवठा खाली खेचतात. हे दोन्ही प्रकार नव्याने सहज मिळतात. चित्रनलिकेसाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि तो उपकरण बंद केल्यानंतरही काही काळ शिल्लक राहतो. त्यामुळे हा विभाग हाताळताना अतिशय दक्षता आवश्यक असते.

१९६० च्या दशकातील काही उपकरणांत इपॉक्सीने वेढलेला उच्चदाब ट्रान्सफॉर्मर सदोष होतो. सुरुवातीला रेषा स्पष्ट दिसते. परंतु उपकरण तापल्यावर दाब घसरतो, प्रतिमा फुगते आणि नाहीशी होते. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळावा लागतो. त्याच काळातील उपकरणांत भाग जोडण्यासाठी चिनीमातीच्या पट्ट्या वापरलेल्या असून, त्यांच्या खाचांना चांदीचा थर दिलेला असतो. साध्या डाखाने हा थर विरघळतो. म्हणून सुमारे ३ टक्के चांदी असलेली डाखाची तार वापरावी लागते. कंपनी अशा तारेचे छोटे रीळ उपकरणाच्या आतच ठेवत असे.

सुट्या भागांच्या शोधात मूळ दुरुस्ती-पुस्तिका सर्वाधिक उपयुक्त ठरते. तीत विद्युत आराखडे, अपेक्षित दाब आणि भागांचे क्रमांक दिलेले असतात. १५१ ने सुरू होणारे क्रमांक ट्रान्झिस्टरचे असून त्यांपैकी अनेक बाजारातील सर्वसाधारण प्रकारच आहेत. उदाहरणार्थ, १५१-०१९०-०० म्हणजे प्रचलित २एन३९०४ होय. याउलट १५५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांचे एकात्मिक परिपथ कंपनीने स्वतःच्या उपकरणांसाठी खास तयार केले होते. ७००० मालिकेत त्यांचा विपुल वापर आढळतो. हे परिपथ आणि चित्रनलिका यांना बाजारात तयार पर्याय नाही. ते दुसऱ्या नादुरुस्त उपकरणातूनच काढावे लागतात.

परिणामी, एक उपकरण वाचवण्यासाठी दुसरे मोडावे लागते आणि उरलेल्यांची संख्या घटत जाते. म्हणूनच केवळ कपॅसिटर बिघडलेला ऑसिलोस्कोप सुट्या भागांसाठी मोडण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तपासून पाहणे हिताचे ठरते.