चालणं पाठीला पाठ आहे!

चालताना डावा गुडघा नेमका कधी वाकवायचा, हे तुम्ही शेवटचं कधी ठरवलं होतं? भाजीची पिशवी सांभाळत, मोबाइलवर बोलत, खड्डे चुकवत आपण खुशाल चालतो. मग पावलं टाकतंय तरी कोण? मेंदू, असं आपण गृहीत धरतो. पण पावलांचा हिशेब ठेवणारं बरंचसं खातं मेंदूच्या कितीतरी खाली, पाठीच्या मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूत आहे.

1911 मध्ये टॉमस ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने मांजराचा मज्जारज्जू पाठीत कापला. मागच्या पायांचा मेंदूशी संबंध संपला. पायांकडून संवेदना आणणाऱ्या नसाही त्याने तोडल्या. ना वरून हुकूम, ना खालून खबर. तरीही मागच्या पायांचे स्नायू काही काळ आळीपाळीने आकसत आणि सैलावत राहिले, अगदी चालताना होतात तसे! म्हणजे चालण्याची लय मज्जारज्जूतच तयार होत होती. (हे ब्राउनसाहेब पुढे नामांकित गिर्यारोहक झाले. मॉं ब्लां पर्वताच्या ब्रेन्व्हा कड्यावरून त्यांनी नव्या वाटा काढल्या.)

माणसाचा मज्जारज्जू बोटाएवढा जाड आणि साधारण 45 सेंटिमीटर लांब. पाय चालवणारा भाग त्याच्या खालच्या टोकाकडे, जेमतेम काही सेंटिमीटरचा. अपघातात मानेला किंवा छातीच्या पातळीवर इजा झाली की पाय निकामी होतात. पण तो खालचा भाग? तो बहुतेक वेळा शाबूत असतो! पेशी जिवंत, जोडण्या जागेवर, फक्त वरून हुकूम येणं थांबलेलं.

मग त्याला बाहेरून जागं केलं तर?

रॉब समर्स या अमेरिकी बेसबॉलपटूला 2006 मध्ये मोटारीने उडवलं. छातीखालची हालचाल पूर्ण गेली, थोडी संवेदना तेवढी उरली. 2009 च्या अखेरीस केंटकीतल्या लुइव्हिल इथे त्याच्या मज्जारज्जूच्या आवरणावर 16 इलेक्ट्रोडची छोटी पट्टी बसवली गेली. उपकरण मुळात जुनाट वेदना कमी करण्यासाठी बनवलेलं! प्रवाह सुरू करून सराव घेऊ लागल्यावर तिसऱ्याच दिवशी तो उभा राहिला. तोल सांभाळायला मदत लागली, पण शरीराचं वजन त्याच्याच पायांनी पेललं. काही महिन्यांनी तर सुझन हारकेमा आणि रेजी एजर्टन यांची टीमच चक्रावली. ‘पायाचा अंगठा हलव’ म्हटलं की समर्स तो हलवत होता! प्रवाह बंद केला की अंगठा ढिम्म.

हे कसं शक्य आहे? वीज पाय ओढत होती का? नाही. ती स्नायूंपर्यंत थेट जात नव्हती. पायांच्या संवेदना जिथून मज्जारज्जूत शिरतात, त्या तंतूंना ती चेतवत होती आणि त्यांच्यामार्फत आतल्या पेशींना. हंडा काठोकाठ भरला की एक थेंबही सांडायला पुरतो, तसं. प्रवाहाने हंडा भरला. थेंब आला मेंदूकडून, इजेतून वाचलेल्या मोजक्या तंतूंमधून. एरवी त्या क्षीण निरोपाने काहीच घडत नव्हतं.

आता एक कोडं. याच उपायाने उंदीर पटकन चालू लागत, माणसाला मात्र महिनोन्‌महिने झगडावं लागे. का? 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांना उत्तर सापडलं, आणि ते भन्नाट आहे. तंतूत जागवलेला विजेचा संदेश दोन्ही दिशांनी धावतो. पायाकडे निघालेला संदेश पायाकडून येणाऱ्या संदेशावर आदळतो आणि दोघंही विरून जातात! माणसाच्या नसा लांब, त्यामुळे टकरीही जास्त. प्रवाह अखंड सुरू असताना आपला गुडघा हलतोय की नाही, हेच रुग्णांना कळेनासं झालं. पाय चालवणारी वीजच पायाची खबर गिळत होती.

म्हणून ग्रेगॉर कुर्तीन आणि शल्यविशारद जोसलीन ब्लॉक यांच्या टीमने अखंड प्रवाहाऐवजी वेळ साधून स्पंदनं दिली. पाऊल उचलायच्या क्षणी एका जागी, टेकवायच्या क्षणी दुसऱ्या. आठवडाभरात रुग्ण आधार घेऊन पावलं टाकू लागले. महिनोन्‌महिन्यांच्या सरावानंतर काहींना प्रवाह बंद असतानाही पाय हलवता आले!

2022 मध्ये त्यांनी या उपचाराने सुधारलेल्या नऊ जणांचा मज्जारज्जू तपासला. सुधारणा झाली म्हणजे तिथली धावपळ वाढली असेल ना? उलट, चालताना ती कमी झाली होती! सराव मुरला की फापटपसारा गळतो आणि कामाच्या पेशीच पुढे होतात, असं दिसतं. उंदरांमध्ये तर अशा पेशींचा एक ठरावीक गटच सापडला. त्यांना गप्प केलं की परत मिळवलेली चाल जाते, धडधाकट उंदराची मात्र अडत नाही.

अर्थात हा चमत्काराचा गंडा नव्हे. वॉकर लागतो, कुबड्या लागतात, घाम गाळावा लागतो. पण आता प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाही लागत नाही. मानेच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून हात सुधारण्याचा प्रयोग मानेला इजा झालेल्या 60 जणांवर झाला आणि त्यांतल्या 72 टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही वाढल्या. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाला परवानगी दिली. पेन धरता येणं, बाटलीचं झाकण उघडता येणं यासाठी ज्यांना दुसऱ्याला हाक मारावी लागते, त्यांच्यासाठी ही बातमी चंद्रावर पाऊल ठेवण्याहून लहान नाही.